आठ महिने वापरल्यावर: रेंडर केलं की संकासुर राखाडी का होतो

फेब्रुवारीत मी या एडिटिंग सॉफ्टवेअरला दोन तारे दिले होते आणि परवान्याचे पैसे पाण्यात गेले असं लिहिलं होतं. त्यातलं निम्मं आज मागे घेतो. उरलेलं निम्मं तसंच राहू दे, कारण ते खरं आहे.

कुडाळ तालुक्यात माझं व्हिडिओचं छोटं काम आहे. लग्नं, मुंजी, वास्तुशांती पोटासाठी. आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार, म्हणजे देवळापुढे होणारं आमचं लोकनाट्य, तो मनासाठी. सॉफ्टवेअरची टाइमलाइन कशी, ट्रॅक किती, कोणतं कार्ड लागतं, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मला लिहायचंय ते एक्स्पोर्टच्या पानावर, प्रगत सेटिंगच्या पोटात दडलेल्या एका ओळीबद्दल: डेटा लेव्हल्स. ऑटो, व्हिडिओ, फुल असे तीन पर्याय. या एका ओळीपायी माझा जत्रांचा पूर्ण मोसम गेला.

दशावतारात आधी आड-दशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग वेद पळवणारा संकासुर. त्याचा वेश काळा. देवळापुढची मोकळी जागा, मागे रात्र, वर दोन-तीन एलईडीचे झोत आणि त्यात नखशिखांत काळ्या कपड्यातला माणूस. कॅमेऱ्याची यापेक्षा कठीण परीक्षा मी पाहिलेली नाही. कापडाच्या चुण्या दिसल्या, हात उचलताना बाहीवरून उजेड सरकलेला दिसला, तर त्या नटाचं काम दिसतं. ते गेलं की सगळंच गेलं.

पहिल्या जत्रेचं फुटेज मी तीन रात्री बसून रंगवलं. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतल्या कामाच्या पट्टीवर, काळा हवा तसा होता, खोल आणि तरी जिवंत. एमपी4 रेंडर केली, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढली, संगणकाच्या नेहमीच्या प्लेयरमध्ये उघडली, आणि पाहतो तर चित्रावर धुकं. संकासुर करणारे आबा योगायोगाने शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "झिला, माझो संकासुर राख फासल्यासारखो कित्याक दिसता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लिहिला जाणारा डेटा, वाढवला. फाइल दुप्पट झाली, धुकं तसंच. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, बदलला, फरक शून्य. मग वाटलं मॉनिटरच बिघडला. वॉरंटीत होता म्हणून खोक्यात भरून फोंडा घाटातून कोल्हापूरला सर्व्हिस सेंटरला पाठवला. तिथून उत्तर आलं की पॅनेल उत्तम आहे, तपासणीचे सहाशे रुपये भरा. मी भांडलो. वॉरंटीत तपासणीचे पैसे कसले, यावर चार फोन झाले. शेवटी सहाशे भरले आणि जाण्या-येण्याचं पार्सल माझ्याच गळ्यात. आज कबूल करतो की पॅनेलबद्दल ते बरोबर होते. सहाशे रुपयांबद्दल मात्र अजूनही नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत कक्षाला मेल केला. पाच दिवसांनी उत्तर: ड्रायव्हर अद्ययावत करा. केला. पुन्हा मेल, पुन्हा तेच उत्तर. एवढे पैसे मोजून परवाना घेतलेल्या माणसाला एकदा तरी विचारायला हवं होतं, की बाबा, ही फाइल तू कशात पाहतोयस? तो एक प्रश्न आला असता तर माझे तीन महिने वाचले असते.

मग ती ओळ सापडली. ऑटोच्या जागी फुल केलं, रेंडर केलं, आणि माझ्या प्लेयरमध्ये काळा काळा झाला. मला इतका आनंद झाला की त्याच रात्री आधीची सगळी कामं फुलवर पुन्हा रेंडर करायला लावली. मध्ये दोनदा वीज गेली, इन्व्हर्टरवर ओढत नेलं. एकूण अकरा कामं पेनड्राइव्हवर घालून लोकांना दिली. त्यात आबांचा दशावतारही होता.

आठवड्यात आबांचा फोन. घरच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला होता. "संकासुर खंय आसा? माका नुसतो काळोख दिसता."

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण माझ्यासारखे बरेच जण याच खड्ड्यात पडत असणार. आठ बिटच्या व्हिडिओत उजळपणाचे आकडे 0 ते 255 बसतात, पण व्हिडिओची जुनी शिस्त अशी की काळा 16 वर आणि पांढरा 235 वर ठेवायचा. 1982 च्या बीटी.601 या डिजिटल व्हिडिओच्या मानकापासून हे चालत आलंय. वर-खाली सोडलेली जागा सिग्नल उसळला तर सांभाळायला. हे झालं व्हिडिओ लेव्हल, म्हणजेच लिमिटेड. संगणकाचा पडदा मात्र 0 ला काळा आणि 255 ला पांढरा मानतो. म्हणून दाखवणाऱ्याने 16 चा 0 आणि 235 चा 255 करून दाखवायचं असतं. ही ताणण्याची पायरी चुकली की 16 हा 16 च राहतो, आणि काळ्याची राख होते. उलट, फाइल फुल असेल आणि टीव्हीने तिला लिमिटेड समजून ताणली, तर 16 च्या खालचं सगळं एका काळोखात जातं. चुण्या त्यातच असतात.

माझ्या संगणकावर ताणण्याची पायरी चुकत होती. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये, व्हिडिओच्या रंगांच्या पानावर, डायनॅमिक रेंज 16–235 वर पडलेली होती. म्हणजे माझी पहिली फाइल, जिच्यामुळे मी दोन तारे दिले, ती अगदी बरोबर होती. पाहायचा आरसा वाकडा होता, आणि आरसा सरळ करायचं सोडून मी चेहऱ्याला हात घातला. फुलची फाइल माझ्या चुकीच्या प्लेयरवर बरोबर दिसली ती दोन चुका एकमेकींना मिळाल्या म्हणून. फाइलवर ती फुल असल्याची खूण होती, पण माझ्या गिऱ्हाइकांच्या टीव्हींनी ती खूण वाचलीच नाही.

कळलं कसं, ते महत्त्वाचं. रेंडर झालेली फाइल परत त्याच सॉफ्टवेअरमध्ये आणायची आणि मूळ टाइमलाइनच्या वरच्या ट्रॅकवर बरोबर जुळवून ठेवायची. वरच्या क्लिपचा ब्लेंड मोड डिफरन्स करायचा, म्हणजे दोन चित्रांतला फक्त फरक दिसतो. दोन्ही चित्रं सारखी असतील तर पडदा पूर्ण काळा होतो. कॉम्प्रेशनची थोडी कुजबुज दिसते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. माझ्या व्हिडिओ लेव्हलच्या पहिल्या फाइलवर हे केलं आणि पडदा काळा झाला. मी खुर्चीतून उठून बाहेर पडवीत जाऊन बसलो. बिघाड फाइलमध्ये नाहीच, हे कळायला दोन मिनिटं लागली, आणि मी त्यासाठी मॉनिटर घाटावर पाठवला होता.

पण एवढ्यावर भरवसा ठेवू नका. सॉफ्टवेअर स्वतःचीच फाइल स्वतःच्याच समजुतीने वाचतं. म्हणून सोबत मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडा. ते फुकट आहे. त्यात कलर रेंज, कलर प्रायमरीज, ट्रान्सफर आणि मॅट्रिक्स या ओळी दिसल्या पाहिजेत; रंग कसे वाचायचे ते त्या प्लेयरला सांगतात. नसतील तर प्लेयर अंदाज बांधणार. आणि पाहण्यासाठी एमपीव्ही नावाचा साधा प्लेयर ठेवा, तोही फुकट. रंगाचं रूपांतर तो स्वतः करतो, त्यामुळे ड्रायव्हरच्या त्या पानाचा त्याच्यावर परिणाम झाला नाही. साडेचोवीस हजारांच्या परवान्याला जे सुचलं नाही ते या दोन फुकट वस्तूंनी दाखवलं. हे मला अजून टोचतं.

इथे माझं मत बदललं. मे महिन्यात ड्रायव्हर सुधारला, लेव्हल्स परत व्हिडिओवर नेऊन ठेवली, ऑटोवर नाही, आणि दोनाचे तीन तारे केले. चार केले असते, पण तेवढ्यात लाल रंगाने त्रास सुरू केला.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला मी प्रत्येक कामाची 480 उंचीची लहान प्रत काढतो. मोठ्या फाइलमध्ये विष्णूचा लाल शेला झगझगीत, लहान प्रतीत मंद आणि मागची हिरवी झाडं उगाच चढलेली. काळा मात्र ठीक. म्हणजे हा लेव्हलचा रोग नव्हता. मीडियाइन्फोत पाहिलं तर लहान प्रतीवर मॅट्रिक्सची ओळच नाही. मॅट्रिक्स म्हणजे रंगाच्या गणिताचं मानक: एचडीसाठी बीटी.709, जे 1990 मध्ये आलं, आणि जुन्या, कमी बारकाव्याच्या एसडीसाठी 601. दोन्हींत रंगाचं गणित वेगळं: 601 मध्ये उजळपणात लालाचा वाटा 0.299, 709 मध्ये 0.2126. खूण नसली की बरेच प्लेयर चित्राच्या मापावरून ठरवतात, लहान दिसलं की 601. माझी प्रत 709 ने बांधलेली, उलगडली 601 ने. कागदावर हिशेब केला तर 255 चा शुद्ध लाल 233 वर उतरतो. पाहणाऱ्याला आकडा कळत नाही, पण शेला जुना वाटतो.

याचंच उलटं माझ्याकडच्या जुन्या मिनीडीव्ही कॅसेटींच्या बाबतीत होतं. त्या 601 च्या. त्या 709 समजून वाचल्या गेल्या की लालात 25 च्या आसपास हिरवा मिसळतो आणि कुंकवाचा रंग शेंदराकडे झुकतो. क्लिपच्या गुणधर्मात जाऊन इनपुट रंगसंस्था हाताने सांगितली की थांबतं.

आता सुखाची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. लहान प्रती एकोणतीस होत्या. सगळ्या पुन्हा रेंडर करायच्या तर चार रात्री आणि विजेचं बिल. पण त्यांतले पिक्सेल बरोबर होते, फक्त लेबल नव्हतं. एफएफएमपेग या व्हिडिओ फाइलींवर काम करणाऱ्या प्रोग्राममध्ये एच264 मेटाडेटा नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे. तो चित्राला हात न लावता, पुन्हा एन्कोड न करता, फाइलमध्ये रंगाची लेबलं लिहितो. प्रायमरीज, ट्रान्सफर, मॅट्रिक्स, तिन्ही 709 लिहिली. एकोणतीस फाइली चहा उकळेपर्यंत झाल्या. दर्जात काडीचा फरक नाही, खर्च शून्य. शेला परत लाल झाला. आठ महिन्यांत इतकं समाधान मला दुसऱ्या कशाने दिलं नाही.

मात्र फुलवर दिलेल्या त्या अकरा कामांना हा उपाय चालत नाही, हे लक्षात ठेवा. तिथे पिक्सेलच 0 ते 255 मध्ये पसरलेत. लेबल लिमिटेड लिहिलं तर ते खोटं लेबल होईल. ती मूळ प्रोजेक्टमधून पुन्हाच रेंडर करावी लागतात. प्रोजेक्ट आणि फुटेज जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. जागा वाचवायला काम संपल्यावर फुटेज पुसणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दोन गोष्टी थोडक्यात. फोनवरून आलेल्या क्लिपा टाइमलाइनवर पांढऱ्याफटक दिसत असतील तर त्या बहुधा एचएलजी आहेत, बीबीसी आणि एनएचके यांनी काढलेली एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला पकडणारी, पद्धत. त्या क्लिपपुरतं 709 मध्ये रूपांतर लावा, नाहीतर शूट करतानाच फोनमधला एचडीआर व्हिडिओ बंद करायला सांगा. आणि मुंबईचा एखादा चाकरमानी फोन करून म्हणाला की माझ्या लॅपटॉपवर थोडं फिकं दिसतं, तर घाबरू नका. काही संगणक 709 चं लेबल पाहून गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा, साधारण 1.96 धरतात, तर 2011 च्या बीटी.1886 नुसार संदर्भ मॉनिटर 2.4 चा असतो. सावल्या थोड्या उघडतात. तो फरक मिटवायला गेलात तर टीव्हीवर बिघडतं. मी टीव्ही धरलाय, कारण माझी माणसं टीव्हीवर पाहतात.

तर आज चार तारे. रंगाचं काम, ट्रॅकिंग, आवाजाची साफसफाई, या किमतीत मला याहून चांगलं मिळालेलं नाही. एक तारा मी ऑटो या शब्दासाठी कापलाय, आणि तो परत देणार नाही. ऑटो म्हणजे नेमकं काय लिहिलं जाणार, हे रेंडरच्या आधी एका ओळीत दाखवायला काय हरकत आहे? लहान प्रतींवर रंगाचं लेबल आपोआप का लिहिलं जात नाही? हे दोन प्रश्न मदत कक्षाला पाठवून सात आठवडे झाले. उत्तर नाही.

अकरांपैकी नऊ कामं पुन्हा झाली. आबांचं सगळ्यात आधी केलं आणि पेनड्राइव्ह स्वतः घेऊन गेलो. पाऊस धो धो होता, टीव्ही खोलीत, आम्ही ओटीवरून दारातून पाहत होतो. संकासुर वळला तेव्हा खांद्यावरची चुणी दिसली. आबा उठून टीव्हीजवळ गेले आणि तो भाग परत लावायला सांगितला. तीनदा पाहिला. उरलेली दोन लग्नाची कामं गणपतीला चाकरमानी यायच्या आत करायची आहेत, म्हणजे घरात माणसं जमतील तेव्हा पाहता येतील. फेब्रुवारी ते एप्रिल माझ्याकडून पेनड्राइव्ह नेलेला कुणी हे वाचत असेल तर तो घेऊन या, नवीन प्रत घालून देतो, पैसे नाहीत.