ब्रेक बदलायला किती पैसे द्यावेत? नऊ महिने आणि ११,००० किलोमीटरनंतरचा अनुभव

पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे चारही पॅड बदलून आता नऊ महिने झाले. तेव्हापासून गाडी ११,००० किलोमीटर चालली. काम करून घेतलं त्याच आठवड्यात लिहायचं मनात होतं, पण नवे ब्रेक पहिल्या आठवड्यात सगळ्यांचेच छान लागतात. दिलेल्या पैशांचं चीज झालं की नाही, ते पुढच्या काही महिन्यांत कळतं.

आधी त्याच्याही आधीचं सांगते, कारण खरं शिक्षण तिथे झालं. या कामाच्या सात महिने आधी मी फक्त पुढचे पॅड बदलले होते. दोन-तीन ठिकाणी फोन करून भाव विचारले आणि सगळ्यात कमी सांगणाऱ्याकडे गाडी दिली. अर्ध्या तासात गाडी हातात आली. ब्रेक लागत होते, आवाज नव्हता, मी समाधानी होते. पुढे ९,००० किलोमीटर होतात न होतात तोच डाव्या चाकातून आवाज सुरू झाला. सुरुवातीला बारीक किरकिर होती. मग एके दिवशी ब्रेक दाबल्यावर खडबडीत दगडावर पत्रा घासावा तसा आवाज आला. मुलं मागे बसली होती. गाडी कशीबशी हळूहळू घरी आणली.

यावेळी वेगळ्या मेकॅनिककडे गेले. त्यांनी चाक काढलं, पॅड काढले आणि डाव्या चाकाचे दोन्ही पॅड माझ्या हातावर ठेवले. "ताई, हा बाहेरचा आणि हा आतला." बाहेरच्या पॅडवर पाच मिलिमीटर मटेरियल शिल्लक होतं. आतल्यावर काहीच नव्हतं. नुसती लोखंडी पट्टी उरली होती. तिची एक कड पात्यासारखी धारदार झालेली आणि पृष्ठभाग उष्णतेने निळसर पडलेला. डिस्कवरून नख फिरवलं तर चरे अडकत होते.

कारण साधं होतं. बहुतेक गाड्यांचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिस्टन आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचा पॅडही डिस्कला टेकतो. पिन कोरड्या पडून अडकल्या की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड एकटाच झिजत राहतो. आधीच्या गॅरेजने जुने पॅड काढून नवे बसवले, पण पिना बाहेर काढून साफ केल्या नव्हत्या आणि त्यांना ग्रीसही लावलं नव्हतं. पिना साफ करायला दोन्ही चाकांचे मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. ती वाचली आणि माझ्या दोन डिस्क गेल्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: ब्रेकच्या कामात पैसे मोजायचे ते आधी मापाचे आणि हातकामाचे, मग सामानाचे.

दुसऱ्या कामासाठी मी तीन ठिकाणी गाडी दाखवली. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यांत जवळजवळ तिपटीचा फरक होता. एकाने डिस्क लेथवर घासून नवे पॅड टाकू म्हटलं. दुसऱ्याने डिस्क, पॅड, दोन्ही कॅलिपर, शिवाय मागचे ब्रेक शू (मागच्या ड्रममध्ये आतून घासणारे तुकडे) असं सगळंच यादीत घातलं, तेही चाक न काढता. तिसऱ्यांनी, म्हणजे ज्यांनी पॅड हातात दिले त्यांनी, मायक्रोमीटर आणून डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी मोजली. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. माझ्या डिस्कवर २० मिलिमीटर होता. नवी डिस्क २२ ची येते आणि माझी डावी भरली १९.६. म्हणजे घासून घ्यायचा प्रश्नच संपला, ती आधीच मर्यादेच्या खाली होती. उजवी अजून चालली असती, पण ब्रेकचं सामान एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांना, जोडीनेच बदलायचं असतं, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. कॅलिपरचे पिस्टन त्यांनी मागे ढकलून दाखवले. सहज गेले, रबरी बूट फाटलेले नव्हते, गळती नव्हती. म्हणजे कॅलिपर बदलायची गरज नव्हती. मागचे ड्रम उघडले तर शूवर भरपूर अस्तर शिल्लक. थांबताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे साठ-सत्तर टक्के काम पुढचे ब्रेक करतात आणि मागचे बरेच जास्त टिकतात. त्या मोठ्या यादीतल्या निम्म्या गोष्टी चाक काढून बघितल्याबरोबर गळून पडल्या.

त्यामुळे भाव विचारण्याआधी मापं विचारा. पॅडवर आतल्या आणि बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटर उरलंय? डिस्क किती जाडीची भरली आणि तिच्यावर किमान किती लिहिलंय? नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असतं आणि ३ च्या आसपास आलं की बदलायची वेळ झाली. जो हे आकडे सांगू शकत नाही, त्याचा भाव कमी असला काय आणि जास्त असला काय, तो कशाचा भाव आहे हे तुम्हाला कळणार नाही.

माझ्या बिलाचे शंभर भाग केले तर दोन डिस्कना साधारण ४५ गेले, चार पॅडना २५, मजुरीला २० आणि ब्रेक ऑइल, क्लिपा, ग्रीस वगैरेला १०. मजुरी दोन तासांची लावली होती आणि ती रास्त वाटली. एका ॲक्सलचे नुसते पॅड नीट बसवायला तासभर लागतो, डिस्कसकट दीड ते दोन तास. यापेक्षा फार जास्त तास लिहिले असतील तर विचारावं. पण अर्ध्या तासात होईल म्हणणाऱ्यालाही विचारावं की मग काय काय वगळणार?

त्या दोन तासांत मी बाजूलाच उभी होते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं काम दिसायला अगदी किरकोळ होतं. जुनी डिस्क काढल्यावर हबवर, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या भागावर, गंजाचे पापुद्रे होते. मेकॅनिकनी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने ती जागा उघड्या लोखंडापर्यंत साफ केली. मग डिस्क बसवून, नट आवळून डायल गेज (डिस्क किती डुगडुगते ते काट्यावर दाखवणारं उपकरण) लावलं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा जेमतेम हलला, ०.०३ मिलिमीटर. "एवढं चालेल," ते म्हणाले. हबवर गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते. लगेच काही जाणवत नाही. पण काही हजार किलोमीटरनंतर डिस्क कमी-जास्त झिजून जाडीत फरक पडतो आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग "डिस्क वाकली" असं म्हणून पुन्हा नव्या डिस्कचं बिल होतं. पुष्कळदा ती डिस्क वाकलेली नसतेच. ती नीट बसवलेली नसते, नाहीतर पॅडचं मटेरियल तिच्यावर एकाच जागी चिकटलेलं असतं.

पॅड कुठले घ्यायचे यावर मी बराच वेळ घालवला. खरं तर एवढा घालवायची गरज नव्हती. सिरॅमिक पॅड महाग, त्यांची धूळ कमी, आवाज कमी. सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सहन करतात, पण रिम काळे करतात आणि थोडे बोलतात. मी गाडीच्या मूळ पॅडच्याच तोडीचे सेमी-मेटॅलिक घेतले. खोक्यावर आर-९० हे मानक बघून घेतलं. त्यात बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्के आतबाहेर असावी लागते. भोकं पाडलेल्या डिस्क मी घेतल्या नाहीत. रोजच्या वापरात त्यांचा उपयोग नाही आणि भोकांच्या कडांपासून तडे जाण्याची शक्यता असते.

ब्रेक ऑइलचे पैसे मात्र बिनतक्रार द्यावेत असं माझं ठाम म्हणणं आहे. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट-४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, मग पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. माझं ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. चहाच्या रंगाचं झालं होतं. साधारण दर दोन वर्षांनी बदलायला हवं. ऑइल बदलताना चारही चाकांच्या ब्रेकमधून हवा काढावी लागते आणि त्याची मजुरी वेगळी लावली तर ते योग्यच आहे.

माझ्या भावाच्या गाडीला बटणाचा हँडब्रेक आहे. त्याला मागच्या पॅडची मजुरी माझ्या पुढच्यापेक्षा जास्त सांगितली तेव्हा तो चिडला होता. पण तिथे आधी कॉम्प्युटर जोडून कॅलिपरची मोटर मागे घ्यावी लागते. तसं न करता पिस्टन जबरदस्तीने ढकलला तर मोटरची यंत्रणा मोडते. ते जास्तीचे पैसे त्या कामाचेच आहेत.

आता वापराबद्दल. पहिल्या दिवशी मेकॅनिकनी स्वतः सोबत बसून नवे पॅड डिस्कवर रुळवून घेतले. रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम दाबाने ब्रेक, पूर्ण न थांबता पुन्हा वेग, असं आठ-दहा वेळा. मग थोडा वेळ ब्रेक न लावता गाडी चालवून गार होऊ दिली. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही असं त्यांनी बजावलं, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पेडल थोडं लाकडासारखं लागत होतं, नंतर पकड एकसारखी झाली.

चौथ्या महिन्यात हळू वेगात उजव्या चाकातून शिट्टी यायला लागली. पोटात गोळाच आला. परत नेली तर एक क्लिप नीट बसली नव्हती. पाच मिनिटांत ठीक करून दिली, पैसे घेतले नाहीत, कारण बिलावर सहा महिन्यांची मजुरीची हमी लिहून घेतली होती. पॅड झिजण्याची हमी कोणी देत नाही, पण बसवणीची मागितली तर देतात. ती लेखी घ्या. आणि जुने सुटे भाग परत मागा. ते तुमचे असतात आणि काय बदललं याचा तो एकमेव पुरावा असतो.

पावसानंतर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते. तो डिस्कवर रात्रीत धरलेला पातळ गंज आहे, तो लगेच निघून जातो. त्याला घाबरून गॅरेजला धावू नये.

सहाव्या महिन्यात पाच माणसं आणि सामान घेऊन लांब डोंगरउतारावरून आलो. आधीच्या वर्षी याच उतारावर ब्रेकचा जळका वास आला होता आणि पेडल मऊ पडलं होतं. यावेळीही मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरत होते. खालच्या वळणावर समोर अचानक जनावर आलं. पाय दाबला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. पेडल पहिल्याइतकंच घट्ट होतं. त्या क्षणी बिलाचा आकडा डोक्यातही आला नाही.

पण आकड्याचा हिशोब नंतर मांडलाच. स्वस्तात केलेलं पहिलं काम एक भाग धरलं तर दुसरं अडीच भाग पडलं. पहिलं ९,००० किलोमीटर चाललं. आताच्या झिजेच्या गतीने हे पॅड ४५,००० च्या आसपास जायला हरकत नाही. म्हणजे किलोमीटरमागे खर्च निम्मा, आणि डिस्क बहुधा पुढच्या पॅडलाही कामी येतील. पहिल्या कामाने खराब केलेल्या डिस्कची किंमत यात धरलेलीच नाही. पहिल्या वेळी चांगल्या गॅरेजने मागितलेली मजुरी दिली असती, तर तेव्हा फक्त पॅडवर भागलं असतं.

गेल्या रविवारी चाक काढून मापं घेतली. नवे होते तेव्हा ११ मिलिमीटर होते. डावा आतला ८.८, डावा बाहेरचा ९.१. उजवीकडे दोन्ही ९. पिना बोटाने ढकलल्यावर सरकतात. सगळे आकडे तारखेसह गाडीच्या वहीत लिहून ठेवलेत. पुढचं माप २०,००० ला घेणार आहे.