फोल्डस्कोप: सातवी-आठवीला वनस्पती पेशी दाखवण्यासाठी कितपत कामाचा?

३५ मिनिटांची तासिका, ४० मुलं आणि एकच सूक्ष्मदर्शक. मग प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. फोल्डस्कोप दोघांत एक देता येतो, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी बनवलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक वस्तू १४० पट मोठी दाखवतो, साधारण २ मायक्रॉन (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) पर्यंतचे बारकावे टिपतो. पेशीभित्तिका, केंद्रक, हरितलवकं यांना तेवढं पुरतं. तंतुकणिका मात्र दिसत नाहीत. मुलांनी पुस्तकात बघून निरीक्षणाच्या आकृतीत त्या काढल्या असतील, तर खोडायला लावाव्यात.

घड्या घालायलाच पहिली तासिका जाते. भिंगाला बोट लागू देऊ नका.

कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा नखाएवढा काचपट्टीवर घ्या. एक भाग टिंक्चर आयोडीनमध्ये चार भाग पाणी घालून त्याचा एक थेंब टाका, दोन मिनिटं थांबा. कव्हरस्लिप (वरून झाकायची पातळ काच) तिरकी धरून हळूहळू टेकवावी. नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि काळ्या कडेचे ते गोल मुलं हमखास पेशी समजतात. जास्तीचं पाणी टिपकागदाने टिपा. काचपट्टी फोल्डस्कोपमध्ये सरकवताना कव्हरस्लिप भिंगाकडेच हवी. उलटी सरकवली तर मधे काचपट्टीची मिलिमीटरभर जाडी येते आणि काही केल्या फोकस होत नाही. डोळा भिंगाला अगदी जवळ न्यावा. उजेड खिडकीचा घ्यावा, सूर्याकडे कधीच रोखू नये.

हरितलवकांसाठी हायड्रिला ही पाणवनस्पती उत्तम. त्याचं पान पेशींच्या दोनच थरांचं, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही.

पण या उपकरणाची खरी किंमत कळते रिओ या जांभळ्या पानांच्या शोभेच्या झाडाच्या पानावर. पानाची जांभळी बाजू वर येईल असं ते तिरकं फाडलं की कडेला पातळ पापुद्रा सुटतो. तो जांभळा रंग रिक्तिकेतला (पेशीतल्या रसाच्या पिशवीतला), म्हणजे कांद्यात न दिसणारी रिक्तिका इथे आयती रंगवलेली मिळते. आधी पाण्यात बघा. मग १०० मिली पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा, समोरच्या कडेला टिपकागद लावा. पाचेक मिनिटांत पेशीतलं पाणी बाहेर पडतं, जांभळा भाग आक्रसतो, पेशीभित्तिका मात्र जागची हलत नाही. भित्तिका आणि तिच्या आतलं पातळ प्रद्रव्यपटल वेगवेगळी असतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. लगेच साधं पाणी सोडलं तर बऱ्याच पेशी पुन्हा फुगतात. फार वेळ मिठात राहिल्या तर मरतात, मग फुगत नाहीत.

हात हलल्याने नेमकी जागा निसटते, ही अडचण राहतेच. तेव्हा चुंबकाने फोल्डस्कोप मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यावर बसवून आधी सगळ्यांना एकदम दाखवावं.