वादळासाठी काय करायचं: जमिनीखाली खोली, स्लॅबची न्हाणी की पत्र्याची आवळाआवळ?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि घाट ओलांडून मुळशीत शिरलं, तेव्हा पौडच्या पुढच्या आमच्या घराच्या पडवीचे तीन पत्रे गेले. एक दुसऱ्या दिवशी बांधावरच्या आंब्याला पापडासारखा गुंडाळलेला सापडला. पत्रा पाइपाला धरणारे आकड्यासारखे जे-हूक मात्र तसेच घट्ट. पत्राच भोकापाशी फाटून निघाला होता. पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेला धोंडा मोरीत येऊन पडला. तिथं कुणी भांडी घासत नव्हतं, एवढंच नशीब.

तेव्हापासून दर वळवाला घरात हाच वाद. भाचा मोबाइलवर अमेरिकेतली जमिनीखालची लोखंडी खोली दाखवतो. आई म्हणते, "आधी पत्रे बघा रे."

भाच्याचा पर्याय आधी निकालात काढतो. तिकडच्या त्या खोल्या टोर्नेडोसाठी असतात, ताशी ४०० किलोमीटर वाऱ्याचा हिशोब धरून. इमारतींवरचा भार ठरवणाऱ्या आपल्या आयएस ८७५ या मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४०. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे तो खर्च आपल्या गरजेच्या आठपट दाबासाठी आहे. त्यात आपल्याकडे दोन-चार फुटांवर काळा पाषाण लागतो. कुदळ टाकून ब्रेकर आणावा लागेल. आणि मुळशीच्या पावसात तो खड्डा जुलैत हौद होणार. ऐन वादळात कंदील घेऊन फुरशांच्या सोबतीला उतरायची माझी तरी तयारी नाही.

खरी निवड उरते ती दोन्हींत: पत्रे आवळणं, की वादळात आत बसायला स्लॅबची न्हाणी.

पत्रे आवळणं स्वस्त, आणि दोन माणसांना चार-पाच दिवसांत जमतं. ताशी १४० च्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो भरतो. दहा फुटी, साडेतीन फूट रुंद पत्र्याला उचलणारा जोर त्या हिशोबानं ३०० किलोच्या घरात जातो, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा-एक किलो. वीस किलोच्या धोंड्यानं काय होणार? कडेला, कोपऱ्यात आणि आढ्यापाशी तर ओढ आणखी जास्त, म्हणून स्क्रू तिथं दाट हवेत, मोठ्या वॉशरसकट. पण पत्रा पाइपाला धरून भागत नाही. आमच्याकडे पाइप भिंतीवर नुसते टेकवून सिमेंट थापलेलं होतं. पत्रा पक्का आणि पाइप सैल, तर अख्खं छप्परच एका तुकड्यात जाईल. पाइप भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्याला सळईनं बांधलेला हवा.

एवढं करूनही एखादं झाड पडलं तर पत्रा माणसाला वाचवत नाही. तिथं स्लॅबची न्हाणी पुढे जाते. पाच इंची स्लॅबचं वजनच चौरस मीटरला ३०० किलोच्या वर, त्यामुळे वारा तो सहज उचलत नाही. आठ बाय सहाच्या न्हाणीत आमची सहा माणसं अंग चोरून बसतील, आणि एरवी ती रोजच्या वापरातली जागा. मात्र जुन्या चार इंची भिंतीवर स्लॅब टाकायचा मोह नको. चारही कोपऱ्यांत पायापासून उभ्या सळया हव्यात. पीव्हीसीचं दार काढून लाकडी किंवा लोखंडी, तीन बिजागऱ्या आणि तीन कड्यांचं. दार आत उघडणारं असावं, म्हणजे बाहेर ढिगारा पडला तरी अडकायचं नाही. काचेच्या पट्ट्यांच्या झरोक्याला जाळी. भिंती आणि पाणी मारणं आपण करावं, सेंटरिंग, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावायचा आधार, आणि सळई बांधणी मात्र जाणत्याकडे द्यावी. विजा चमकत असताना तिथल्या नळाला हात लावायचा नाही. पुण्यात पाषाणला असलेल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलवर असलं की आत कधी जायचं ते आधी कळतं.

हातात एकाच कामाचे पैसे असतील आणि घरात सगळे धावते असतील, तर पत्रे. म्हातारं माणूस असेल किंवा घरावर मोठं झाड झुकलेलं असेल, तर न्हाणी आधी. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बांधायचं काहीच नाही. सरकत्या काचांपासून लांब, आतल्या पॅसेजमध्ये बसावं.

आमचे पत्रे यंदा मे महिन्यात आवळून झाले, न्हाणीचा स्लॅब दिवाळीनंतर. भाच्याला खड्डाच खणायची हौस असेल तर शोषखड्डा अजून बाकी आहे.