जुन्या पेट्रोल गाडीसाठी सीएनजी की एलपीजी?

जळगाव-भुसावळकडे ज्यांच्या दारात चांगल्या अवस्थेतली जुनी पेट्रोल गाडी आहे आणि विजेच्या गाडीचा खर्च ज्यांना अजून पेलवणारा नाही, त्यांनी मधल्या काही वर्षांसाठी गॅसचे किट बसवून घेणे मला व्यवहार्य वाटते. प्रश्न उरतो तो कोणत्या गॅसचा.

खर्चाच्या बाबतीत सीएनजी सरस आहे, हे मान्य करावे लागेल. एलपीजीच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्याने अ‍ॅव्हरेज साधारण पाचव्या हिश्शाने उतरते. रोज धुळ्याला जाऊन येणाऱ्याने सीएनजीचाच विचार करावा.

माझ्या आधीच्या गाडीत सीएनजी होता आणि माझे मन उडाले ते पंपावरच्या प्रेशरमुळे. जिथे पाइपलाइन पोहोचलेली नाही, तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ते रिकामे होत आले की प्रेशर उतरते आणि रांग लावून नंबर आल्यावर टाकी अर्धीमुर्धीच भरते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. वेगाने भरताना गॅस सिलिंडरमध्ये तापतो, काटा २०० बार दाखवतो आणि गाडी सावलीत निवली की तोच काटा खाली आलेला दिसतो. मी काही मोजमाप केलेले नाही; परंतु हिवाळ्यात जळगावहून चाळीसगावला जाऊन परत येण्यास जो गॅस पुरत असे, तो मे महिन्यात पाचोऱ्याच्या आसपासच संपत असे.

एलपीजी द्रवरूपात आणि फारच कमी दाबाखाली भरला जात असल्याने हा त्रास संपला. टाकी ८० टक्के भरली की झडप आपोआप बंद होते. उरलेली जागा उन्हाने प्रसरण पावणाऱ्या द्रवासाठी असते. गोल टाकी स्टेपनीच्या खाचेत बसते, त्यामुळे डिकी बरीचशी मोकळी राहते, मात्र स्टेपनीची सोय वेगळी पाहावी लागते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांनी थोडे जपावे.

एलपीजीचे पंप कमी आहेत, ही उणीव खरीच. त्यावर घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून देणारे भेटतात, पण ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही. आपल्या नेहमीच्या वाटेवर एक जरी पंप असला, तर मी एलपीजीचेच किट बसवून आरसी बुकात त्याची नोंद करून घेईन.