४९९ रुपयांचा ‘सॅन आंद्रियास रीमास्टर’: पॅकमध्ये नेमकं काय निघालं

‘जीटीए सॅन आंद्रियास, ४के रे ट्रेसिंग, लो एंड पीसीवरही चालेल, फक्त ४९९’ अशा, जुन्या गेमचं चित्र नव्यासारखं करून देणाऱ्या ‘रीमास्टर’ पॅकच्या जाहिराती टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर सर्रास फिरतात. त्यातलाच एक पॅक, पैसे भरून बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाकडून, तपासायला मिळाला. त्याचे पैसे गेलेच, वर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरचं खातंही गेलं. विकणाऱ्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असले लोक नाव बदलून पुन्हा दुकान थाटतात, पद्धत मात्र तीच राहते.

सुरुवात व्हिडिओपासून. त्यात ग्रोव्ह स्ट्रीट आहे, लॉस सँटोस आहे, ओल्या रस्त्यावर दिव्यांची झगझगीत प्रतिबिंबं आहेत. पण हे शहर आणि ही गल्ली जीटीए ५ मध्येही आहे, आणि दाखवलेलं चित्रण त्यातलंच होतं. ओळखायचं डाव्या खालच्या कोपऱ्यावरून: सॅन आंद्रियासचा रडार गोल असतो, जीटीए ५ मधला नकाशा आयताकृती. या व्हिडिओत नेमक्या त्या कोपऱ्यावर मोठा लोगो चिकटवला होता.

‘लो एंडवर (कमी ताकदीच्या पीसीवर) रे ट्रेसिंग’, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं, हाही निव्वळ बाजार. जुन्या गेममध्ये रे ट्रेसिंग आणणाऱ्या, एनव्हिडियाच्या आरटीएक्स रीमिक्सला हार्डवेअर रे ट्रेसिंग असलेलं ग्राफिक्स कार्ड लागतंच. रीशेड या गेमच्या चित्रावर इफेक्ट चढवणाऱ्या साधनावर चालणारा आरटीजीआय शेडर (प्रकाशाचा इफेक्ट) साध्या कार्डवरही सुरू होतो, पण तो स्क्रीनवर दिसतंय तेवढ्यावरूनच प्रकाशाचा हिशेब करतो. शिवाय त्याला डेप्थ बफर (कुठली वस्तू किती लांब आहे याची नोंद) लागतो, आणि गेमचं अँटिएलियासिंग (कडा गुळगुळीत करणारी सोय) चालू असेल तर सॅन आंद्रियाससारख्या डायरेक्टएक्स ९ या विंडोजच्या जुन्या ग्राफिक्स यंत्रणेवरच्या गेममध्ये तो मिळत नाही. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर हे सगळं लावलं तर गेम रांगायला लागतो. (पैसे मागितले म्हणजे चोरच, असं नाही. आरटीजीआय कितीतरी काळ त्याच्या निर्मात्याला पॅट्रिऑन या वर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे देणाऱ्यांनाच मिळायचा. पण तो आपल्या नावाने, आपलंच काम उघडपणे विकत होता.)

आता आतला माल. ईएनबी या ग्राफिक्स बदलणाऱ्या मॉडची डीएलएल (गेमसोबत चालणारी कोडची फाइल), तिची आयएनआय (सेटिंगची) फाइल, रीशेड, रंग आणि प्रकाश बदलणारं स्कायजीएफएक्स, गेममधल्या चुका दुरुस्त करणारा सायलेंटपॅच, लांबचे दिवे दाखवणारं प्रोजेक्ट २डीएफएक्स आणि हजारभर टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं). टेक्स्चर वगळता बाकीच्या वस्तू मूळ निर्मात्यांकडे फुकट मिळतात. ईएनबीच्या बाबतीत तर विक्रीला मनाईच आहे. मूळ निर्मात्यांची माहिती असलेल्या सगळ्या रीडमी फाइल तेवढ्या काढून टाकल्या होत्या.

बरं, फुकटचा माल नीट लावून तरी द्यावा, तेही नाही. सॅन आंद्रियासचे बहुतेक मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइली) १.० आवृत्तीच्या एक्सईसाठी, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या मुख्य फाइलसाठी, लिहिलेले आहेत, स्टीमवरच्या आवृत्तीत त्यातले बरेच चालतच नाहीत. गेम टेक्स्चर आणि मॉडेलसाठी मुळात ५० एमबी एवढीच स्ट्रीमिंग मेमरी राखून ठेवतो. ती न वाढवता ४के टेक्स्चर कोंबले की गाडी जरा वेगात नेली की पुढचा रस्ता आणि इमारती गायब होतात. त्यात ईएनबी आणि रीशेड या दोघांनाही डी३डी९.डीएलएल हेच नाव हवं असतं. एकाचं नाव बदलून ते ईएनबीच्या आयएनआयमधल्या प्रॉक्सी विभागात नोंदवावं लागतं. या पॅकमध्ये एकाने दुसऱ्याला सरळ पुसून टाकलं होतं.

इथवरचं नुकसान ४९९ रुपयांचं. खरा घात ‘इन्स्टॉलर’ नावाच्या एक्सईत होता. आरएआर फाइलला पासवर्ड होता आणि सोबत सूचना: ‘अँटिव्हायरस बंद करा, मॉड असल्यामुळे खोटा इशारा येतो.’ पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आतलं तपासता येत नाही, म्हणून तो ठेवतात. खोटे इशारे येतात हे खरंच आहे, आणि मॉड टाकणाऱ्यांना ते दुर्लक्षित करायची सवय लागलेली असते. ही मंडळी त्याच सवयीवर जगतात.

७-झिपमध्ये ही आरएआर (दाबून बांधलेली फाइल) आतलं काही बाहेर न काढता नुसती उघडून पाहिली. एक्सईचा मूळ आकार ७०० एमबीच्या वर, आणि दाबलेला आकार जेमतेम काही एमबी. खरी टेक्स्चर एवढी दाबली जात नाहीत. आत शून्यांची भर घातलेली असते, कारण व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर ६५० एमबीच्या वरची फाइल चढत नाही. मूळ आकार आणि दाबलेला आकार यांत अशी दरी दिसली की ती फाइल चालवू नका.

ही एक्सई ब्राउझरमधल्या कुकी, म्हणजे आपण लॉगिन असल्याच्या नोंदी, उचलते. लॉगिन झालेलं सत्रच चोराच्या हाती गेल्यावर ओटीपी विचारलाच जात नाही. साध्या ग्राफिक्स मॉडला इन्स्टॉलर लागत नाही, फाइली गेमच्या फोल्डरमध्ये टाकायच्या असतात. विंडोज डी३डी९.डीएलएल आधी तिथेच शोधतं. तिथे बनावट डीएलएल असेल तर तीच चालते, म्हणूनच डीएलएलसुद्धा मूळ निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये न ठेवता सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला तर त्याला ॲडमिनची परवानगी द्यायची वेळच येत नाही.

पैसे परत मागितल्यावर या मुलाला ‘रिफंड’चा क्यूआर कोड आला. तो स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

एक्सई चालवून झाली असेल तर आधी नेट तोडा. पासवर्ड त्या पीसीवरून बदलू नका, फोनवरून बदला. पहिला ईमेलचा, मग बाकीचे, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सर्व डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. नुसता पासवर्ड बदलून चोरलेलं सत्र दरवेळी बंद होतंच असं नाही. त्यानंतर विंडोज नव्याने टाका, नुसत्या स्कॅनवर विसंबू नका. पैशांसाठी लगेच १९३० ला फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, विकणाऱ्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. चॅटचे स्क्रीनशॉट त्याला जाब विचारण्याआधीच काढा, कारण टेलिग्रामवर तो दोन्ही बाजूंचे मेसेज पुसू शकतो.