साठ मिनिटांच्या तळघरापासून काफ पर्वतापर्यंत: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’

नव्वदच्या दशकात सांगलीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून आत जावे लागे. वर्डस्टार आणि लोटसचा तास संपला की शेवटची पंधरा मिनिटे सर गेम खेळू देत, आणि त्या पंधरा मिनिटांत चार जणांत मिळून एक राजपुत्र तळघरातून बाहेर पडण्याची धडपड करीत असे. कीबोर्डवर बाण एकाने दाबायचे, शिफ्टची कळ दुसऱ्याने सांभाळायची आणि उरलेल्या दोघांनी पुढे कोणती फरशी डळमळीत आहे ते ओरडून सांगायचे, अशी आमची वाटणी होती. खेळात कैदेतून सुटून वजीर जाफरपर्यंत पोहोचायला ६० मिनिटे मिळत आणि आमचा वेळ त्याच्या पावपट असे, त्यामुळे त्या वर्षी राजकन्येला आम्ही सोडवू शकलो नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या नावाशी माझे नाते तिथून सुरू होते. जानेवारी २०२४ मध्ये आलेला ‘द लॉस्ट क्राउन’ मी याच नात्याने विकत घेतला, दोनदा पूर्ण खेळलो आणि आता त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

मूळ खेळात एवढे काय होते, हा प्रश्न माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने मला विचारला. तिला मी १९८९ चा तो खेळ लॅपटॉपवर दाखवला तेव्हा दोन मिनिटांत ती म्हणाली, “मामा, हा वळायला इतका वेळ का लावतो?” तिने नेमक्या जागी बोट ठेवले होते. जॉर्डन मेकनर या तरुण अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला आणि कठड्याला लोंबकळायला लावले आणि ते व्हिडिओवर टिपले. मग पडद्यावरून एकेका चित्राचे छायाचित्र काढले, आकृतीची कड हाताने रेखून घेतली आणि तीच चित्रे अ‍ॅपल टू या संगणकात उतरवली. म्हणूनच हा राजपुत्र धावता धावता एकदम थांबत नाही, त्याचा पाय घसरतो. वळताना त्याला आधी तोल सावरावा लागतो. त्या काळच्या इतर खेळांतले नायक कळ दाबताक्षणी उडी मारत आणि हवेत दिशाही बदलत. हा मात्र उडीच्या आधी गुडघ्यात वाकतो, आणि एकदा उडी घेतली की ती पुरी होईपर्यंत आपल्या हाती काही उरत नाही. त्याच्या शरीराला वजन होते. खाली भाले होते आणि पुढे कात्रीसारखी मिटणारी पाती होती, पण खरी भीती त्या वजनाची वाटे, कारण भाल्यांवर पडलो तर चूक आपलीच असे आणि ती उडीच्या आधीच होऊन गेलेली असे.

त्या खेळातली सावलीची गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. अ‍ॅपल टूच्या स्मृतीत जागा इतकी कमी होती की राजपुत्राची चित्रे मावल्यावर दुसरे पात्र ठेवायला काही उरेना, आणि सहकारी तर मेकनरला सांगत होते की प्रतिस्पर्ध्याविना खेळात जीव येणार नाही. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून स्वतःवरच शून्य आणि एकच्या एका गणिती क्रियेने उमटवली, आणि पडद्यावर एक झिलमिलणारी काळी आकृती उभी राहिली. पुढे स्मृती वाचवून पहारेकरीही बसवता आले, तरी सावली राहिली. चौथ्या लेव्हलमध्ये आरशातून उडी मारताना ती आपल्यातून बाहेर पडते, पाचव्या लेव्हलमध्ये आपल्या वाट्याची बाटली पिऊन टाकते, सहाव्यात आपल्या तोंडावर दार बंद करते. बाराव्या लेव्हलमध्ये ती तलवार घेऊन समोर येते, आणि आपण तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. उपाय एकच आहे. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत जायचे आणि दोघांनी एक व्हायचे. हे मला कोणी सांगितले नव्हते. कॉलेजात असताना एका रात्री ते आपोआप हातून झाले, आणि समोरच्या रिकाम्या दरीवर पाऊल टाकताच पायाखाली एकेक फरशी उमटू लागली, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९९३ चा दुसरा भाग सुंदर होता, १९९९ चा त्रिमितीय प्रयत्न फसला. २००३ मध्ये यूबीसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने मेकनरला सोबत घेऊन ‘द सँड्स ऑफ टाइम’ केला. त्याची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने होते, आणि तिथल्या खजिन्यातून राजपुत्राला मिळालेला खंजीर काळ मागे फिरवतो. पडलो, की कळ दाबून धरायची आणि पडणे उलट जाताना पाहायचे. पहिल्या खेळाने वेळ हिरावून घेतला होता आणि या खेळाने तो परत दिला. तोही मोजून दिला, खंजिरात वाळू असेल तेवढाच, त्यामुळे जपून वापरण्याची शिस्त सुटली नाही. २००४ आणि २००५ चे पुढचे दोन भाग मी आवडीने खेळलो. २००८ च्या भागात मात्र साथीदार एलिका प्रत्येक वेळी नायकाला पडता पडता वाचवते. तो दिसायला अतिशय देखणा आहे, पण मला त्यात पडण्याची भीती सापडली नाही. २०१० नंतर ही मालिका जवळजवळ झोपलीच.

मध्यंतरी एक बातमी आली होती आणि तिने माझ्यासारख्यांना फार आनंद झाला होता. सप्टेंबर २०२० मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवला जात असल्याची घोषणा झाली, आणि ते काम यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे होते. ज्या खेळासाठी आम्ही क्लासच्या घड्याळाकडे पाहत बसायचो, तो आता पुण्यात घडणार, ही गोष्ट मी घरी सर्वांना सांगितली. पहिल्या झलकीवर चित्रांच्या दर्जाबद्दल जगभरातून कडाडून टीका झाली, तारखा पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपवले गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. पुण्या-मुंबईच्या कलाकारांनी त्यात घातलेली वर्षे आता कोणालाही पाहता येणार नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘द लॉस्ट क्राउन’ मात्र वेगळ्या घरातून आला. फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या यूबीसॉफ्टच्या स्टुडिओने तो केला आहे, दिग्दर्शक मुनीर रादी. गेली वीस वर्षे ही मालिका त्रिमितीत होती. या चमूने तिला पुन्हा बाजूने पाहायला, म्हणजे १९८९ च्या दिशेला, वळवले. नायक राजपुत्र नाही. सारगॉन हा ‘अमर’ म्हणवल्या जाणाऱ्या योद्ध्यांच्या तुकडीतला सर्वांत तरुण शिपाई आहे, आणि अपहरण झालेल्या राजपुत्र घसानला सोडवायला ही तुकडी काफ पर्वतावर जाते, जिथे काळाची घडी विसकटली आहे. फारसी काव्यपरंपरेत सीमुर्ग पक्ष्याचे घर असलेल्या या पर्वतावर एक माणूस कित्येक वर्षांपासून अडकलेला भेटतो आणि दुसरा नुकताच आलेला असतो, आणि दोघेही एकाच दिवशी निघालेले असतात.

सारगॉन चपळ आहे. तो कळ दाबताक्षणी वळतो, भिंतीवरून भिंतीवर उसळतो आणि पुढे हवेत झेपावायलाही शिकतो. पहिला तासभर मला वाटले की आपले जुने वजन इथे हरवले आहे. मग वाट अवघड होत गेली आणि लक्षात आले की वजन शरीरातून निघून निर्णयात गेले आहे. काट्यांच्या दोन भिंतींमध्ये झेप आधी की उडी आधी, हे पाय जमिनीवर असतानाच ठरवावे लागते, आणि चुकलो तर ते कुठे चुकले हे दर वेळी स्पष्ट दिसते. लढाईतही हेच आहे. शत्रूच्या अंगावर पिवळी चमक दिसली तर योग्य क्षणी वार अडवून मोठा प्रतिवार करता येतो, तांबडी दिसली तर अडवणे शक्य नसते, बाजूलाच व्हावे लागते. सुरुवातीच्या जहानदार या अजस्र श्वापदाशी मी सतरा वेळा हरलो, आणि एकदाही खेळाने मला फसवले असे वाटले नाही.

आणि सावली परत येते. खेळाच्या मध्याआधी सारगॉनला अशी शक्ती मिळते की तो आपली एक छाया हवेत वा जमिनीवर सोडू शकतो आणि हवे तेव्हा क्षणार्धात तिच्या जागी परतू शकतो. बंद होणाऱ्या दारापलीकडे छाया ठेवायची, मागे जाऊन कळ फिरवायची आणि दार मिटण्यापूर्वी छायेकडे परतायचे, असे साधे प्रयोग आधी येतात. नंतर त्याच शक्तीवर रचलेली इतकी कल्पक कोडी येतात की एकेका खोलीपुढे मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. स्मृती कमी पडली म्हणून जन्मलेली आकृती पस्तीस वर्षांनी खेळाडूच्या हातातले सर्वांत चांगले हत्यार झाली आहे. कथेतही दुसऱ्या काळातला सारगॉन सारगॉनपुढे उभा राहतो. ज्याने बाराव्या लेव्हलला तलवार म्यान केली आहे, त्याला तो क्षण वेगळा जाणवेल.

खेळाची रचना मेट्रॉइडव्हेनिया पद्धतीची आहे, म्हणजे एकच विस्तीर्ण नकाशा असतो आणि नवी शक्ती मिळाली की मागे बंद राहिलेल्या वाटा उघडतात. या पद्धतीत ‘ते दार कुठे होते’ हे आठवत राहण्याचा मोठा ताण असतो. इथे त्यावर एक उपाय दिला आहे, जो आता अशा प्रत्येक खेळात असावा असे माझे मत आहे. एक कळ दाबली की समोरच्या दृश्याचे चित्र नकाशावर त्या जागी टाचले जाते. महिनाभराने नकाशा उघडला तरी आपण कशासाठी अडलो होतो ते चित्रातच दिसते. नोकरी-संसार सांभाळून आठवड्याला दोन-तीन तास खेळणाऱ्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे.

ठिकाणांपैकी खवळलेल्या समुद्राबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. भर लढाईत काळ थांबलेला आहे. लाटा डोंगरासारख्या उभ्या गोठल्या आहेत, जहाजे मधोमध फुटून तशीच लटकली आहेत, आणि आपण त्या फुटलेल्या फळ्यांवरून चढत जातो. तिथे मी काही वेळ नुसताच उभा राहिलो. एका भागाचे नाव मौनाचा मनोरा आहे. मुंबईच्या मलबार टेकडीवरचे पारशी समाजाचे दख्मे, म्हणजे मृतदेह ठेवायचे मनोरे, ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे नाव वाचताक्षणी कळते की रचनाकारांनी इराणच्या झरथुष्ट्री वारशाकडे पोशाखापुरते पाहिलेले नाही. मालिकेत पहिल्यांदाच सगळे संवाद फारसीत ऐकण्याची सोयही आहे आणि मी तीच सुचवेन. पेशवा, वजीर, तख्त, दरबार हे शब्द ज्या भाषेतून आपल्याकडे आले, तिचा सूर कानाला परका वाटत नाही.

उणिवाही आहेत. ‘अमर’ तुकडीतल्या साथीदारांची ओळख झोकात होते, पण त्यांना पुरेसा वेळ मिळत नाही, त्यामुळे पुढचे विश्वासघात आणि मृत्यू मनाला हवे तितके भिडत नाहीत. संवादाच्या प्रसंगांत चेहरे खेळाच्या इतर चित्रांच्या मानाने निर्जीव दिसतात. खेळाच्या शेवटच्या एक-तृतीयांशात शत्रूंचे तेच ते प्रकार वारंवार येतात. आणि ज्याला जुन्या खेळातली शांतता, म्हणजे फक्त पावलांचा आवाज आणि दूरच्या फाटकाची करकर, हवी असेल, त्याला इथे ती क्वचितच मिळेल. नकाशाच्या खालच्या थरातल्या अंधाऱ्या विहिरींमध्ये ती थोडी सापडते.

निन्टेंडो स्विचसारख्या हातात धरायच्या यंत्रावरही हा खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने धावतो, आणि साध्या संगणकावरही अडखळत नाही. एप्रिल २०२५ पासून तो मोबाइलवरही आहे, पण बारीक उड्यांसाठी कंट्रोलर जोडावा. सुरुवातीला विचारले जाते तेव्हा ‘मार्गदर्शन’ न निवडता ‘शोध’ निवडावा, म्हणजे नकाशावर पुढची जागा दाखवली जात नाही आणि वाट आपली आपल्याला सापडते. फारच अडले तर अवघड उड्यांचा टप्पा ओलांडून देणारे मदतीचे दालन पर्यायांमध्ये सुरू करता येते, आणि ते सुरू करण्यात काही कमीपणा नाही. माझ्या भाचीने एकाच ठिकाणी ते वापरले. छायेची कोडी मात्र तिने माझ्याआधी सोडवली, आणि गेल्या रविवारी तिने तो लॅपटॉपवरचा जुना खेळ पुन्हा उघडून मागितला. ती आता तिसऱ्या लेव्हलला आहे, आणि शिफ्टची कळ मी सांभाळतो.