जुनी मंडळी की घरसभा? सांगलीत नव्याने आलेल्यांसाठी

बदली होऊन सांगलीत आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबापुढे बहुधा दोन वाटा असतात : पाळक, पंच कमिटी आणि ठरलेला उपासनाक्रम असलेली, मिशनच्या काळापासूनची मंडळी (म्हणजे चर्च), किंवा विश्रामबागेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये भरणारी घरसभा. आपण आरंभीच्या मंडळीसारखे आहोत, असे घरसभेतले लोक आवर्जून सांगतात. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ मध्ये घरोघरी भाकर मोडल्याचे लिहिलेले असल्याने त्यात तथ्यही आहे. मात्र त्या घरांना शिस्त होती. सीरियातील दुरा-युरोपस येथे इ. स. २४० च्या सुमारास एका घराचे उपासनास्थान करताना मधली भिंत पाडून मोठी खोली केली गेली आणि बाप्तिस्म्यासाठी स्वतंत्र खोली राखली गेली. घरसभेत महिन्याभरात बाप्तिस्मा होतो; जुन्या मंडळीत आधी वर्ग भरतात. प्रेषितांच्या कृत्यांत बाप्तिस्मा लगेच दिल्याचे दिसते; पण पुढे तिसऱ्या शतकापर्यंत आधी शिकवण देण्याची जी रीत रुळली, तिला इथे जुनी मंडळीच जवळची आहे.

खरा कस पैशात लागतो. रोममधील ख्रिस्ती लेखक जस्टिन इ. स. १५५ च्या सुमारास लिहितो की, रविवारचे अर्पण अध्यक्षाकडे जमा होई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांची सोय होई. आपल्या जुन्या मंडळ्यांत वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो खरा, पण छपराची दुरुस्ती आणि कोर्टखर्च यांतून विधवांसाठी फारसे उरत नाही. उलट मिरजेच्या दवाखान्यात कोणी दाखल झाले, की घरसभेचे लोक रात्रीतून पैसे उभे करतात आणि डबाही पोहोचवतात. हा गुण मोठा आहे. फक्त खाते अनेकदा एकाच्याच नावावर असते. ‘डिडाखे’ या प्राचीन नियमपुस्तिकेत तर पैसे मागणारा फिरता प्रेषित खोटा ठरवला आहे.

यरुशलेमच्या आरंभीच्या मंडळीत ग्रीक भाषिक विधवांना रोजच्या वाटपात डावलले गेले, तेव्हा तक्रार उघडपणे मांडली गेली आणि सात जण निवडले गेले. अशी तक्रार कोणाकडे न्यायची, याचे उत्तर घरसभेत मिळाले नाही, तर माझ्या मते सभासदत्व जुन्या मंडळीतच घ्यावे आणि घरसभेत बुधवारच्या प्रार्थनेपुरते जावे. जुनी मंडळी आधीच्या गावच्या पाळकांचे पत्र मागते, याचा अनेकांना राग येतो. पण फिबी या सेविकेची शिफारस प्रेषित पौलानेही रोमच्या मंडळीला लिहूनच कळवली होती.